बाळाच्या श्वासाची मदत घाटाच्या अलीकडेच सुरू व्हायला हवी

गेल्या उसाच्या हंगामातली गोष्ट. खंडाळा तालुक्यातल्या एका वस्तीतल्या सुनेला सातवा महिना सरता सरता रात्री कळा सुरू झाल्या. जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे तपासलं आणि "साताऱ्याला न्या" एवढंच सांगितलं. घरच्यांनी ओळखीची जीप काढली. खंबाटकी घाटात ट्रकची रांग लागलेली. बाळ जीपमध्येच झालं. टॉवेलात गुंडाळून साताऱ्याला पोचवलं तेव्हा ते थंडगार पडलं होतं आणि प्रत्येक श्वासाला कण्हत होतं. तिथे श्वासाचं यंत्र होतं आणि ते लगेच लावलंही. तिसऱ्या दिवशी बाळ गेलं.

आम्ही तिथे गेलो तेव्हा ड्युटीवरच्या सिस्टरनी विचारलं, "निघायच्या आधी आईला इंजेक्शन दिलं होतं का?" आम्ही कार्ड उघडून पाहिलं. कार्ड कोरं होतं. पाळीची तारीखसुद्धा लिहिलेली नव्हती, त्यामुळे कितवा आठवडा होता हेही कुणाला सांगता येईना.

नर्सिंगच्या नोकरीत आम्ही अशी बाळं पुष्कळ पाहिली. नोकरी सोडून वस्त्यांमध्ये काम करायला लागलो, तेव्हा कळलं की आपल्या लोकांना यंत्राचं नाव माहीत असतं, पण या इंजेक्शनचं नाही.

मुदतीआधी आलेल्या बाळाची फुप्फुसं तयार नसतात. फुप्फुसातल्या बारीक पिशव्या मिटू नयेत म्हणून आतून एक पातळ थर असतो. डॉक्टर त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. गर्भात तो शेवटच्या आठवड्यांत भरपूर तयार होतो. तो कमी असला की श्वास सोडल्यावर पिशव्या पुन्हा मिटतात. नवा फुगा फुगवताना पहिली फुंकर किती जड जाते ते आठवा. या बाळाला प्रत्येक श्वास तसा घ्यावा लागतो. नाकपुड्या फुलतात, बरगड्या आत ओढल्या जातात, श्वास मिनिटाला ६० च्या वर जातो, आणि मग बाळ थकतं.

ज्याला सीपॅप म्हणतात ते यंत्र त्या फुग्यात सतत थोडी हवा धरून ठेवतं. नाकात दोन छोट्या नळ्या, त्यातून ऑक्सिजन मिसळलेली ओलसर, कोमट हवा, आणि दुसऱ्या नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत पाच-सहा सेंटिमीटर बुडवलेलं. जितकं खोल टोक, तितका दाब. पाण्यात बुडबुडे येत राहिले म्हणजे दाब टिकून आहे. १९७१ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांनी ही पद्धत जगापुढे मांडली. त्याच्या आठच वर्षं आधी, १९६३ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा याच आजाराने दोन दिवसांत गेला होता. तेव्हा अध्यक्षाच्या घरातही यावर उपाय नव्हता. आज उपाय आहे, आणि तरी आपली बाळं जातात. आमचा राग त्याचाच आहे.

कुणी पुढारी दवाखान्याला यंत्र देतो, फीत कापली जाते, फोटो छापून येतो. यंत्र आलं याचा आम्हालाही आनंदच आहे. पण रात्री दोन वाजता त्याच्याजवळ कोण असतं? नळ्या नाकाला घट्ट बसल्या तर नाकाची मधली पडदी झडते. सैल बसल्या तर दाबच राहत नाही. हवा पोटात जाते, म्हणून पोटातली नळी उघडी ठेवावी लागते. ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त दिला तर डोळ्यांचा पडदा बिघडून बाळ आंधळं होऊ शकतं. अशा बाळाचे डोळे महिन्याच्या आत तपासून घ्या, घरी सोडताना कुणी सांगो न सांगो. हे सगळं बघायला शिकलेली नर्स लागते. आपल्याकडे ती अकरा महिन्यांच्या करारावर असते, आणि शिकून तयार झाली की तिची दुसरीकडे नेमणूक होते. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली. १७ बाळांपैकी १० गेली. कक्ष होता, यंत्रं होती. त्यानंतर तरी रात्रपाळीचं मनुष्यबळ हा पहिला प्रश्न व्हायला हवा होता.

आता इंजेक्शनचं. त्याचं नाव डेक्सामेथासोन. २४ ते ३४ आठवड्यांत मुदतीआधी बाळंतपण होईल असं दिसलं, तर आईला ६ मिलिग्रॅमचे चार डोस दर १२ तासांनी देतात. त्याने पोटातल्या बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. औषध स्वस्त आहे. केंद्र सरकारच्या २०१४ च्या सूचनांप्रमाणे पुढे पाठवण्याआधी पहिला डोस एएनएम सिस्टरही देऊ शकतात. आपल्यासारख्या देशांत ते चालेल का अशी शंका होती, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत २,८५२ बायकांवर अभ्यास केला. त्यातलं एक केंद्र आपल्या शेजारी बेळगावला होतं. निकाल २०२० मध्ये आला: दर २५ आयांना इंजेक्शन दिलं तर एक बाळ जास्त वाचतं.

मेडिकलमधून आणून घरी मात्र टोचून घेऊ नका. आईला जंतुसंसर्ग असला, किंवा दिवस नीट मोजलेले नसले, तर ते नुकसानही करतं. ते द्यायचं की नाही हे दवाखान्यातच ठरतं. आपलं काम आहे विचारण्याचं: "सिस्टर, फुप्फुसाचं इंजेक्शन द्यायचं का? दिलं असेल तर चिठ्ठीवर वेळ लिहा." आणि पाळी चुकली की शेवटच्या पाळीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी करून घ्या. आठवडे माहीत नसतील तर इंजेक्शनचा निर्णयच अडतो.

जीप शोधत बसू नका, १०८ किंवा १०२ लावा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, आजारी नवजात बाळाचे उपचार आणि पुढे न्यायची गाडी मोफत आहे. वाटेत बाळ झालंच, तर पुसून कोरडं करा, डोक्याला टोपी घाला, आईच्या उघड्या छातीवर पोटाशी ठेवा आणि वरून गोधडी घ्या. अंघोळ नको, घरी शेगडीची धुरी नको. थंड पडलेल्या बाळाचा श्वास आणखी बिघडतो.

हे लिहिताना शिरवळच्या कारखान्यांत कंत्राटावर उभ्याने काम करणाऱ्या पोरी डोळ्यांपुढे येतात. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळालीच पाहिजे असं सांगितलं होतं. कंत्राटदाराच्या हजेरीबुकात त्या विश्रांतीला आजही जागा नाही.

३ जानेवारीला सावित्रीमाईंच्या जयंतीला नायगावात मंत्री येतात. नायगाव आपल्याच तालुक्यातलं. यंदा विहारातल्या महिला मंडळांनी हार घेऊन जाताना सोबत एक निवेदनही न्यावं. त्यात दोनच मागण्या असाव्यात. तालुक्यातल्या प्रत्येक बाळंतपणाच्या खोलीत डेक्सामेथासोन आणि ते द्यायचा लेखी अधिकार असलेली सिस्टर चोवीस तास असावी. आणि नवजात कक्षात शिकून तयार झालेल्या नर्सची तीन वर्षं बदली होऊ नये. निवेदनाचा मसुदा आम्ही तयार केला आहे. ज्या मंडळांना हवा असेल, त्यांनी मासिकाच्या पत्त्यावर कळवावं.