एक प्रत मलाही द्या

परवा मावसभाऊ घरी आला होता. माझ्या टेबलावरच्या हार्ड डिस्क त्याने मोजल्या. पाच. मग नेहमीचा प्रश्न, "एवढं साठवून करणार काय ताई? सगळं नेटवर आहे की!"

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. त्याला चहा पाजून वाटेला लावलं, पण उत्तर घशातच राहिलं. ते इथे देते.

अमेरिकेत लास वेगासला डेफकॉन नावाचं हॅकर मंडळींचं संमेलन भरतं, १९९३ पासून. त्यात अलीकडे 'डेटा डुप्लिकेशन व्हिलेज' नावाचा एक विभाग असतो. कोरी हार्ड डिस्क घेऊन जायची, त्यांच्याकडे ठेवायची आणि भरली की घेऊन यायची. आपण गिरणीत दळणाचा डबा ठेवून येतो ना, अगदी तसं! आत काय, तर हॅकर परिषदांमधल्या भाषणांचे व्हिडिओ वगैरे. सहा-आठ टेराबाइटचा मामला. सेकंदाला दीडशे मेगाबाइट धरले तरी आठ टेराबाइटला पंधरा तास लागतात. आणि कॉपी करून देण्याचे पैसे नाहीत.

हॅकर म्हटलं की आपल्याला बँक लुटणारा आठवतो. पण या लोकांना एक गोष्ट पक्की कळली आहे: जे एकाच ठिकाणी आहे, ते गेल्यात जमा आहे.

खरं तर हे आम्हा सोपारकरांना तरी कुणी शिकवायला नको. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना इथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला नवव्याचा. दोन्ही आता मुंबईच्या संग्रहालयात आहेत. तुकडेच ते, अर्ध्या ओळी गायब. तरी त्यात काय लिहिलं होतं ते आपल्याला ठाऊक आहे. कसं? कारण अशोकाने तोच मजकूर गिरनारला कोरला, कालसीला कोरला, शाहबाजगढीला कोरला. दगडावर कोरूनसुद्धा त्याने एका प्रतीवर भरवसा ठेवला नाही! आणि आपण ठेवतो, कॅसेटवर, सीडीवर, 'नेटवर'.

पुण्यात ८ जानेवारी २००३ ला फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे नायट्रेट फिल्मवरचे कितीतरी जुने चित्रपट जळाले. ज्यांच्या प्रती आधीच दुसरीकडे काढलेल्या होत्या, तेवढे वाचले. १९३१ चा 'आलम आरा', आपला पहिला बोलपट, आज कुणालाच बघता येत नाही. उलट बीबीसीने 'डॉक्टर हू'चे जुने भाग पुसून टाकले, तरी त्या हरवलेल्या भागांचा आवाज आज आहे. कारण काही चाहत्यांनी घरी बसून टेप केला होता. वाचवलं कुणी? ज्यांना तेव्हाही कुणीतरी विचारलं असेल, "एवढं साठवून करणार काय?"

आता आमच्या घरचं. आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची कॅसेट धाकट्या काकांकडे होती. दोन बाजू भरून. मी चार वेळा मागितली. "सारखी वाजवली की टेप झिजते, मी नीट ठेवली आहे," असं म्हणायचे. ठेवली होतीच नीट, कपाटाच्या खालच्या कप्प्यात. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रुळांवरून पाणी गेलं, लोकल बंद पडल्या, ते सगळ्यांना आठवत असेल. काकांची खोली तळमजल्यावर. कॅसेट मिळाली, पण आत चिखल. आजी २००४ सालीच गेली. काका, वाचत असाल तर रागावू नका. चूक माझीही आहे. पाचव्यांदा मागायला हवी होती.

यावर कुणीतरी 'पायरसी' म्हणणारच. नवा मराठी सिनेमा थिएटरात असताना त्याची चोरटी कॉपी वाटणं मलाही मान्य नाही. ती कुणाच्या तरी पोटावर मारलेली लाथ आहे. पण आपल्या कायद्यातच चित्रपटाचा आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो. मग जे सगळ्यांचं झालं आहे, त्यावर कुलूप का? आणि आजीच्या ओव्यांवर कसली आली रॉयल्टी? आपल्याकडे जपणं म्हणजे कुणाला हात लावू न देणं, असा समज आहे. ते जपणं नव्हे, धनावर बसलेला नाग आहे तो.

तर या दिवाळीत भाऊबीजेला सगळे आमच्याकडे जमतील तेव्हा मिठाईचे डबे आणू नका. जुन्या कॅसेटी आणा, लग्नाच्या व्हीएचएस टेपा आणा, आणि एकेक रिकामी डिस्क. टेपा मी संगणकावर उतरवून घेईन. वेळ लागेल, पण प्रत प्रत्येकाला मिळेल. एक विरारला, एक सांगलीला, एक न्यू जर्सीला.

मावसभावाला सहावी डिस्क आणायला सांगितली आहे.