ॲनिमे पाहिलं, मतही मांडलं. पण मराठी प्रेक्षकाचं मत मोजलं जातं का?

सप्टेंबर २०२५ मध्ये अवघ्या चार दिवसांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या.

१२ सप्टेंबरला 'डीमन स्लेयर: इन्फिनिटी कॅसल' हा जपानी ॲनिमे चित्रपट भारतातल्या थिएटरमध्ये लागला. एरवी रजनीकांत किंवा शाहरुखच्या सिनेमाला लागतात तसे पहाटेचे खेळ या सिनेमालाही लागले. १६ सप्टेंबरला महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रांसाठी नवं धोरण मंजूर केलं. त्यासाठी ३,२६८ कोटी रुपयांचा आराखडा मांडला गेला.

तो चित्रपट भारतात पाच भाषांमध्ये आला: जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू. या यादीत मराठी नव्हती.

ज्या राज्याने ॲनिमेशनला उद्योग म्हणून जवळ केलं, त्याच राज्याची भाषा पडद्यावर नाही. असं का झालं? याचं उत्तर एका साध्या गोष्टीपाशी येऊन थांबतं. मराठी प्रेक्षक ॲनिमे पाहतो, त्यावर भरभरून बोलतो, पण ते बोलणं जिथे मोजलं जातं तिथे फारसं पोहोचत नाही.

चाहत्यांच्या मताने खरंच काही होतं का?

होतं. त्याचं भारतातलं ठळक उदाहरण २०१९ मधलं आहे.

माकोतो शिनकाई या दिग्दर्शकाचा 'वेदरिंग विथ यू' जपानमध्ये जुलै २०१९ मध्ये आला. भारतात तो येण्याची चिन्हं नव्हती. इथल्या चाहत्यांनी ऑनलाइन याचिका सुरू केली आणि तिच्यावर ५० हजारांहून जास्त सह्या झाल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये सिनेमा भारतात लागला आणि शिनकाई स्वतः दिल्लीला आले. त्यांचा पुढचा चित्रपट 'सुझुमे' एप्रिल २०२३ मध्ये भारतात आला, तेव्हा तो हिंदीतही उपलब्ध होता.

म्हणजे चाहत्यांचं मत आधी मोजलं गेलं, मग तिकीट विकलं गेलं, आणि त्यानंतर भाषा वाढली. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

कर्जत-खालापूरचा प्रेक्षक कुठे बसतो?

ॲनिमेचा चाहता म्हटलं की मुंबई-पुण्याच्या मॉलमधला, खांद्यावर पात्राची बॅग लावलेला मुलगा डोळ्यांसमोर येतो. पण ॲनिमे पाहायला मॉल लागत नाही, मोबाइल पुरतो.

रायगड जिल्ह्यातले कर्जत आणि खालापूर हे तालुके मुंबई आणि पुण्याच्या मधोमध येतात. कर्जत स्टेशन सीएसएमटीपासून सुमारे १०० किलोमीटरवर आहे. तिथून एक फाटा पळसदरी, केळवली, डोळवली, लौजीमार्गे खोपोलीला जातो. कॉलेज, क्लास किंवा नोकरीसाठी बदलापूर, कल्याण, ठाण्याकडे रोज जाणाऱ्यांचे तासन्‌तास लोकलमध्ये जातात.

ॲनिमे मालिकेचा एक भाग साधारण २४ मिनिटांचा असतो. कर्जतहून सुटलेली लोकल भिवपुरी, नेरळ, शेलू मागे टाकत वांगणीच्या आसपास येते, तोवर एक भाग संपतो. एका हंगामात सहसा १२ किंवा १३ भाग असतात. रोज जाता-येता एकेक भाग पाहिला, तरी आठवड्याभरात अख्खी मालिका पाहून होते.

आणि मालिका संपली की मत येतंच. शेवट आवडला की नाही, मांगा म्हणजे मूळ चित्रकथा सरस की मालिका, कोणत्या पात्रावर अन्याय झाला, या गप्पा डब्यात, नाक्यावर, व्हॉट्सॲपवर आणि रीलच्या खालच्या कमेंटमध्ये चालतात. बोलणं मराठीत असतं आणि पाहिलेलं हिंदी, इंग्रजी किंवा जपानीत असतं.

रायगडचा आवाज, पण हिंदीत

हे आजचं नाही. १९९३ च्या सुमारास दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारं 'जंगल बुक' अनेकांना आठवत असेल. मोगलीची ती मालिका मुळात जपानी ॲनिमे होती. निप्पॉन ॲनिमेशन या कंपनीने ती १९८९ मध्ये बनवली होती. हिंदी शीर्षकगीत गुलजार यांचं आणि संगीत विशाल भारद्वाज यांचं होतं.

त्यातल्या शेरखानला हिंदीत आवाज दिला नाना पाटेकर यांनी. नानांचा जन्म मुरूड-जंजिऱ्याचा, म्हणजे याच रायगड जिल्ह्यातला. भारतातल्या सर्वात लोकप्रिय ठरलेल्या सुरुवातीच्या ॲनिमेला रायगडच्या माणसाचा आवाज होता, पण भाषा हिंदी होती.

पुढे डोरेमॉन आणि शिनचॅन घराघरांत पोहोचले. शिनचॅनच्या आगाऊपणावरून पालकांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २००८ मध्ये केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली. नंतर काटछाट होऊन मालिका परत आली. पालकांनी मत मांडलं, ते सरकारपर्यंत गेलं आणि मालिका बदलली. मताचा परिणाम होतो, याचं हे आणखी एक उदाहरण. मात्र "पोरं कार्टून बघून हिंदी बोलायला लागली" ही घरोघरची तक्रार घरातच राहिली.

मग कंपन्या नेमकं काय मोजतात?

ॲनिमे दाखवणारं जगातलं सर्वात मोठं नाव म्हणजे क्रंचीरोल. २०२१ पासून ही कंपनी सोनीच्या मालकीची आहे. २०२२ मध्ये तिने भारतातला महिन्याचा दर ७९ रुपयांपर्यंत खाली आणला आणि मग हिंदी, तमिळ, तेलुगू डबिंगवर भर दिला. रश्मिका मंदाना आणि टायगर श्रॉफ यांना प्रचारासाठी पुढे आणलं.

अशी कंपनी भाषा निवडताना भावना पाहत नाही. किती लोकांनी पैसे भरले, कोणती मालिका किती पाहिली गेली, कोणत्या भाषेचा ऑडिओ निवडला गेला, थिएटरमध्ये कोणत्या भाषेच्या खेळाची तिकिटं खपली, हे तिला दिसतं.

इथेच मराठी प्रेक्षक गायब होतो. कर्जतचा मुलगा हिंदी ऑडिओ लावतो, तेव्हा हिशेबात 'हिंदी प्रेक्षक' वाढतो. तो टेलिग्रामवरून फुकटची फाइल उतरवतो, तेव्हा तो कोणत्याच हिशेबात येत नाही. पायरसीचं नुकसान फक्त जपानी कंपनीचं होत नाही. पाहणारा स्वतःच्या भाषेचं मतही त्याच वेळी वाया घालवतो.

मराठीत लोक कमी आहेत का?

अजिबात नाही. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले लोक सुमारे ८.३ कोटी होते. तेलुगू ८.१ कोटी आणि तमिळ ६.९ कोटी. संख्येने हिंदी आणि बंगालीनंतर मराठीचाच क्रमांक लागतो.

तरी तमिळ आणि तेलुगू आधी का? कारण महाराष्ट्रात हिंदी सहज समजते. मराठी माणूस हिंदीत भागवून घेतो, हे कंपन्यांना माहीत आहे. चेन्नईतल्या प्रेक्षकासाठी वेगळा डब केला नाही तर तो प्रेक्षक हातचा जातो. कर्जतचा प्रेक्षक जात नाही. त्यामुळे मराठी डबवर खर्च केला तरी नवा प्रेक्षक किती मिळणार, हा कंपनीचा प्रश्न व्यवहाराला धरून आहे.

याला दुसरी बाजूही आहे. 'बाहुबली'सारखा सिनेमा मराठीत डब होऊन टीव्हीवर आला, म्हणजे हा प्रयोग अशक्य नाही. आणि हिंदी 'समजणं' वेगळं, 'आपलं वाटणं' वेगळं. घरातली आजी, कातकरी किंवा ठाकरवाडीतलं लहान मूल, मराठी शाळेतली चौथीची मुलगी यांना हिंदी डब तितका सोपा जात नाही. ॲनिमे पाहणारा आजचा प्रेक्षक हिंदीत भागवतो, पण न पाहणारा उद्याचा प्रेक्षक भाषेमुळेच बाहेर राहिलेला असू शकतो.

अनेक चाहत्यांचं म्हणणं असतं की डब नकोच, मूळ जपानी आवाज हवा. तेही खरं आहे. आवाज देणाऱ्या जपानी कलाकारांना तिकडे ताऱ्यांसारखा मान आहे. मग मधला मार्ग उरतो तो मराठी सबटायटल्सचा. डबिंगसाठी कलाकार, स्टुडिओ, दिग्दर्शक असा सगळा ताफा लागतो. सबटायटल्सना चांगला अनुवादक लागतो. खर्चात मोठा फरक आहे. म्हणूनच मागणी करायची तर तिथून करणं जास्त शहाणपणाचं.

रेटिंगचा आकडा किती खरा?

मत मांडण्याची दुसरी जागा म्हणजे रेटिंग. मायॲनिमेलिस्ट ही वेबसाइट २००४ पासून आहे. तिथे १ ते १० गुण देता येतात आणि नवी मालिका पाहायची की नाही, हे अनेकजण तो आकडा बघून ठरवतात.

तो आकडा म्हणजे साधी सरासरी नसते. गुण देणाऱ्यांची संख्या कमी असेल तर गुणांचं वजन कमी धरलं जातं. मालिकेचा किमान पाचवा हिस्सा न पाहता दिलेले गुण हिशेबात घेतले जात नाहीत. तरी चाहत्यांची भांडणं होतातच. 'फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहूड' वर्षानुवर्षं पहिल्या क्रमांकावर होती. 'फ्रीरेन' तिला मागे टाकू लागली, तेव्हा एकमेकांच्या मालिकेला मुद्दाम १ गुण देण्याचे प्रकार झाले.

क्रिकेटमध्ये धोनी-कोहलीचे चाहते जे करतात, तेच इथेही. त्यामुळे ८.५ आणि ८.७ यातल्या फरकावर जीव टाकण्यात अर्थ नाही. कुणी का आवडली किंवा का नाही आवडली हे नीट सांगितलेलं चार ओळींचं मत त्या आकड्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

स्पॉयलरवरून इतकी भांडणं का होतात?

'कटप्पाने बाहुबलीला का मारलं' हा प्रश्न देशाने २०१५ पासून २०१७ पर्यंत जपला. ॲनिमेत तसं होत नाही, कारण बऱ्याच मालिका मांगावर आधारित असतात. मांगा वाचणाऱ्याला शेवट आधीच ठाऊक असतो.

त्यात वेळेचा फरक येतो. 'इन्फिनिटी कॅसल' जपानमध्ये १८ जुलै २०२५ ला लागला, भारतात १२ सप्टेंबरला. मधले बरोब्बर आठ आठवडे थिएटरमध्ये चोरून शूट केलेल्या क्लिप फिरत होत्या.

मालिकांचं गणित वेगळं. जपानची घड्याळं भारतापेक्षा साडेतीन तास पुढे आहेत. तिकडे रात्री साडेअकराला लागणारा भाग म्हणजे इथले रात्रीचे आठ. नेमकी तीच वेळ कल्याणहून कर्जतकडे परतणाऱ्या गर्दीची. डब्यात नेटवर्क येतं-जातं, भाग उघडत नाही, पण इन्स्टावर कोण मेलं ते मात्र आधी कळतं. म्हणून मत मांडताना 'अमुक भागापर्यंत' एवढे दोन शब्द आधी लिहिले, तर निम्मी भांडणं मिटतील.

सरकारी धोरणाने चित्र बदलेल का?

राज्याच्या नव्या धोरणाचा भर उद्योग, गुंतवणूक आणि नोकऱ्यांवर आहे. खालापूर तालुक्याला हे विषय नवे नाहीत. नितीन देसाई यांनी २००५ मध्ये उभा केलेला एन. डी. स्टुडिओ 'कर्जतचा' म्हणून ओळखला जातो, पण तो खालापूर तालुक्यातल्या हातनोलीजवळ आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये देसाई यांचं निधन झालं. आता त्याचा कारभार महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाकडे आला आहे.

म्हणजे जागा आहे, सरकारी यंत्रणा आहे आणि आता धोरणही आहे. पण स्टुडिओ उभा राहिला म्हणून भाषा आपोआप येत नाही. मुंबईतल्या स्टुडिओंमध्ये आजही परदेशी मालिकांची हिंदी डबिंगची कामं होतात, त्यात मराठी कलाकारही असतात. नानांच्या शेरखानसारखंच, आवाज आपला आणि भाषा दुसरी. मराठीतून काम निघायला मराठीतून मागणी दिसावी लागते.

मग मत कसं मांडायचं?

पहिलं, शक्य असेल तेव्हा अधिकृत ठिकाणी पाहा. यूट्यूबवर म्यूझ एशिया आणि ॲनी-वन एशिया यांच्यासारखी अधिकृत चॅनल आहेत, तिथे काही मालिका फुकटही मिळतात. तिथला एक व्ह्यू टेलिग्रामवरच्या शंभर डाउनलोडपेक्षा जास्त बोलतो.

दुसरं, मराठीत लिहा आणि मालिकेचं नाव पूर्ण लिहा. 'काल ते बघितलं, भारी होतं' ही कमेंट शोधून कुणालाच सापडत नाही.

तिसरं, किती भाग पाहिले ते सांगा आणि शेवट सांगायचा असेल तर आधी इशारा द्या.

चौथं, मराठी सबटायटल्स हवी असतील तर ती मागणी मित्रांच्या ग्रुपमध्ये न ठेवता कंपनीच्या अधिकृत पानावर करा. २०१९ मध्ये ५० हजार सह्या पुरल्या होत्या. ८.३ कोटींच्या भाषेला तेवढ्या जमवणं अवघड नाही.

तुम्ही शेवटचं कोणतं ॲनिमे पाहिलंत, आणि त्यातलं कोणतं पात्र मराठीत बोलताना ऐकायला आवडेल? कमेंटमध्ये सांगा. फक्त शेवट फोडू नका, खोपोली लोकलमध्ये अजून कुणाचा तरी सातवा भाग चालू असेल.