टोपी घातलेली सोवो : सिएरा लिओनच्या एका मुखवट्याची साक्ष

#धागा

१८८६ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागात 'कलोनियल अँड इंडियन एक्झिबिशन' नावाचे प्रचंड प्रदर्शन भरले. मे ते नोव्हेंबर या काळात सुमारे ५५ लाख लोकांनी ते पाहिले. हिंदुस्थानच्या दालनात आग्र्याहून आणलेले कारागीर बसवले होते. प्रेक्षकांना ते पिढीजात कारागीर वाटत, प्रत्यक्षात त्यांतील बहुतेकांनी आग्र्याच्या तुरुंगात हे काम शिकलेले होते. साम्राज्याला आपल्या वसाहती जशा पाहायच्या होत्या, तशा त्या तेथे मांडल्या होत्या.

त्याच प्रदर्शनात पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनच्या शेर्ब्रो भागातून आलेला एक लाकडी मुखवटा होता. काळाभोर, गुळगुळीत, स्त्रीच्या चेहऱ्याचा. आणि त्या स्त्रीच्या मस्तकावर कोरलेली होती युरोपातील पुरुष घालत ती उंच टोपी, टॉप हॅट!

हा मुखवटा थॉमस जोशुआ ऑल्ड्रिज या इंग्रज गृहस्थाने मिळवला होता. ऑल्ड्रिज आधी व्यापारी होता, पुढे त्याच भागात तो वसाहतीचा अधिकारी झाला. मुखवटा १८८६ पासून ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे आणि २०१३ मध्ये तेथे केवळ या एका मुखवट्याभोवती छोटे प्रदर्शनही मांडले गेले. आफ्रिकन मुखवटे म्हटले की चर्चा पिकासोकडे वळते आणि तेथेच संपते. युरोपातील चित्रकारांनी त्यांच्यापासून काय घेतले, हा प्रश्न खोटा नाही, पण तो युरोपच्या इतिहासातला प्रश्न आहे. मुखवटा ज्यांचा होता त्यांच्या इतिहासात त्याचे स्थान काय, हे विचारले की विषय बराच अवघड होतो. या टोपीवाल्या मुखवट्यापासून ती अडचण टाळता येत नाही.

हा मुखवटा आहे 'सांदे' या स्त्रीसंघटनेचा. मेंडे, वाई, गोला, शेर्ब्रो, टेम्ने अशा अनेक समाजांत, म्हणजे आजच्या सिएरा लिओन आणि लायबेरियाच्या मोठ्या भागात ती आढळते. टेम्ने लोकांत आणि फ्रीटाउन शहरात तिलाच 'बोंडो' म्हणतात. पुरुषांची तशीच संघटना 'पोरो'. ओल्फर्ट डॅपर या डच लेखकाच्या १६६८ सालच्या आफ्रिकाविषयक ग्रंथात दोन्हींचा उल्लेख येतो. डॅपर स्वतः आफ्रिकेत कधी गेला नव्हता, त्याने इतरांची टिपणे वापरली. तरीही सांदे किमान साडेतीनशे वर्षे जुनी आहे एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

मुली वयात येताना त्यांना गावाबाहेरच्या राखीव रानात नेले जाते. तेथे त्यांना गृहकृत्ये, नृत्य, गाणी, औषधी वनस्पती, बायकांच्या जगातील रीतिभाती आणि मौन पाळण्याची शिस्त शिकवली जाते. रानातून बाहेर येते ती विवाहयोग्य स्त्री मानली जाते. संघटनेच्या वरिष्ठ स्त्रियांना 'सोवेई' म्हणतात. त्यांच्या आज्ञेने जी आत्मशक्ती मुखवटा धारण करून गावात नाचते, ती 'सोवो'.

आफ्रिकेत लाकडी मुखवटे घालून नाचण्याचा अधिकार बहुतेक ठिकाणी पुरुषांकडेच आहे. सांदे हा त्यातला सर्वांत ठळक अपवाद. मुखवटा कोरतो पुरुष, पण नाचते स्त्री.

मुखवटा चेहऱ्यावर बांधायचा नसतो. तो घागरीसारखा पोकळ असतो आणि पूर्ण डोक्यावरून खांद्यांपर्यंत उतरतो. कपाळ उंच आणि रुंद, नाक-डोळे-तोंड मात्र खालच्या भागात चिमुकले. डोळे अर्धवट मिटलेले, नजर खाली. तोंड बंद, कारण सोवो बोलत नाही. तिच्या वतीने तिच्यासोबतची स्त्री बोलते. मानेभोवती एकावर एक वळ्या असतात. कोणी म्हणतात, हे सुदृढ, भरल्या अंगाचे लक्षण. कोणी म्हणतात, पाण्याच्या तळातून वर येणाऱ्या आत्मशक्तीभोवती उमटलेले हे तरंग. सिल्विया बून या अमेरिकन अभ्यासिकेने १९८६ मध्ये मेंडे स्त्रीसौंदर्यावर पुस्तक लिहिले, त्याच्या शीर्षकातच पाण्यातून उजळून येणारे तेज आहे. दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असायला हरकत नाही. आपल्या प्रतीकांना एकच अर्थ असावा असा हट्ट बहुधा बाहेरून आलेले लोकच धरतात.

आता संग्रहालयांबद्दल. मुखवट्याच्या खालच्या कडेला छिद्रांची रांग असते. त्यांतून राफिया ताडाच्या काळ्या रंगवलेल्या तंतूंचा घेरदार पोशाख बांधला जातो. हातपाय झाकलेले असतात. नाचणारीच्या त्वचेचा एक कणही दिसता कामा नये, कारण दिसायची असते ती सोवो, गावातली अमुक बाई नाही. युरोपीय संग्राहकांनी लाकूड उचलले, पोशाख बहुधा तेथेच सोडला. म्हणून काचेच्या पेटीत जे दिसते ते नृत्याचे केवळ डोके. त्या रिकाम्या छिद्रांसाठी वस्तुपाटीवर एखादे वाक्य तरी असायला हवे.

आणखी एक गोष्ट संग्रहालयांत हरवते ती म्हणजे 'गोंडे'. सोवो देखणी, गंभीर, अबोल. तिच्यामागून कधी कधी येणारी गोंडे म्हणजे तिची खोडकर नक्कल. हिचा मुखवटा जुना, तडकलेला किंवा ओबडधोबड. त्यावर रंगाचे फराटे, अंगावर डबे-शिंपल्यांसारख्या टाकाऊ वस्तू लोंबकळत असतात. ती लोकांची चेष्टा करते, पैसे मागते, लाज सोडून हसवते. ज्या संस्थेला स्वतःच्या आदर्शाची थट्टा स्वतःच्याच अंगणात चालते, तिला 'आदिम' आणि 'गूढ' अशी दोन विशेषणे चिकटवून मोकळे होणे हा शुद्ध आळस आहे.

आता पुन्हा त्या टोपीकडे. १८८६ मधील लंडनच्या प्रेक्षकाला ती विनोदी वाटली असेल: रानटी लोकांनी साहेबाची केलेली नक्कल! पण शेर्ब्रो किनाऱ्यावरील लोकांना युरोपीय व्यापाऱ्यांचा परिचय शतकांचा होता. फ्रीटाउनमधील क्रिओ समाजातील प्रतिष्ठित लोक अशाच टोप्या घालून वावरत. टोपी म्हणजे दर्जा, संपत्ती, दूरच्या जगाशी असलेला संबंध. कोरणाऱ्याने आणि कोरवून घेणाऱ्या स्त्रियांनी पुरुषांचे, तेही गोऱ्या पुरुषांचे सत्ताचिन्ह उचलले आणि सोवोच्या मस्तकावर ठेवले. ही नक्कल नसून हक्क सांगणे आहे, असे मानायला पुरेसा आधार आहे. कारण ही टोपी एकटी नाही. इतर मुखवट्यांवर मुकुट आहेत, तीन पायांची लोखंडी भांडी आहेत, पक्षी आणि साप आहेत. अरबी अक्षरे लिहिलेले कागद ज्यांत ठेवतात त्या मुसलमानी ताइतांच्या आकृतीही आहेत. केशरचना तर त्या त्या काळातील फॅशनप्रमाणे बदलत गेल्या. पूर्वी मुखवट्याला वनस्पतींच्या रसाने काळा रंग देत, पुढे बुटांचे पॉलिशही आले.

म्हणजे सांदेच्या स्त्रिया बदलाला घाबरत नव्हत्या. त्या बदल थेट डोक्यावर घेऊन नाचत होत्या.

या संस्थेचे राजकीय बळही खरे होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मादाम योको ही स्त्री क्पा-मेंडे प्रदेशाची सत्ताधीश झाली. तिच्या सांदेच्या रानात आपली मुलगी दीक्षित व्हावी अशी बड्या घराण्यांची इच्छा असे. पुढे त्याच मुलींचे विवाह वजनदार पुरुषांशी लावून तिने नात्यांचे जाळे विणले. १८९८ मध्ये झोपडीपट्टीच्या, म्हणजे प्रत्येक झोपडीवर लादलेल्या कराच्या, विरोधात मेंडे प्रदेशात उठाव झाला, तेव्हा ती इंग्रजांच्या बाजूने उभी राहिली. १९०६ मध्ये तिचा मृत्यू झाला. तिला देशभक्त म्हणायचे की फितूर, यावर अजून वाद घालता येतो. मात्र ती 'बिचारी' नव्हती, यावर वाद नाही.

येथपर्यंतचा इतिहास समाजमाध्यमांना फार आवडतो. स्त्रियांची स्वतंत्र संघटना, स्त्रियांचे मुखवटे, राणी, सत्ता. छायाचित्र, चार ओळी, हजारो पसंत्या. आणि बहुतेक धागे येथेच थांबतात.

पण त्या रानात आणखी एक गोष्ट घडते. दीक्षेचा भाग म्हणून मुलींच्या जननेंद्रियांचे छेदन केले जाते. ते करतात त्या सोवेईच. सिएरा लिओनच्या २०१९ च्या राष्ट्रीय लोकसंख्या व आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील ८३ टक्के स्त्रियांचे छेदन झालेले होते. २०१३ मध्ये हा आकडा ९० टक्के होता. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पुढे बाळंतपणातील गुंतागुंत हे त्याचे परिणाम आहेत. मुखवट्याचा इतिहास सांगताना हे वगळणे म्हणजे पोशाख सोडून लाकूड उचलणाऱ्या संग्राहकाचीच पुनरावृत्ती.

यावर दोन सोपी उत्तरे तयार असतात आणि दोन्ही अपुरी आहेत.

पहिले उत्तर : संपूर्ण सांदेच बंद करा, मुखवटे संग्रहालयात ठेवा. हे मिशनऱ्यांच्या काळापासून ऐकू येत आहे. त्यात स्त्रियांच्या हाती असलेली एकमेव मोठी सार्वजनिक संस्थाच नाहीशी होते आणि पुरुषांची पोरो मात्र उरते, हे कोणी मोजत नाही.

दुसरे उत्तर : ही त्यांची परंपरा, बाहेरच्यांनी बोलू नये. याची सर्वांत गंभीर मांडणी फुआम्बाइ अहमदू या मानववंशशास्त्रज्ञ महिलेने केली आहे. सिएरा लिओनी कुटुंबातील, अमेरिकेत वाढलेल्या अहमदू यांनी प्रौढ वयात स्वेच्छेने दीक्षा घेतली. पाश्चात्त्य मोहिमा आफ्रिकन स्त्रीला केवळ अपंग बळी म्हणून रंगवतात, हा त्यांचा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १८८६ च्या प्रदर्शनाची नजर अजून पूर्ण मेलेली नाही. परंतु शिकलेल्या प्रौढ स्त्रीने विचारपूर्वक घेतलेला निर्णय आणि दहा-बारा वर्षांच्या मुलीवर ओढवलेला प्रसंग यांना एकाच शब्दाने, 'परंपरा' म्हणून, झाकता येत नाही. मुलीला नकार देता येत नसेल, तर तेथे संस्कृतीच्या स्वातंत्र्याचा युक्तिवाद लंगडा पडतो.

शिवाय 'परंपरा बदलत नाही' हे विधान इतिहास म्हणूनच चुकीचे आहे. आणि त्याच्याविरुद्धचा पुरावा सांदेने स्वतःच लाकडात कोरून ठेवला आहे. टॉप हॅट चालली, मुकुट चालला, ताईत चालला, बुटांचे पॉलिश चालले. मग केवळ पातेच अपरिवर्तनीय कसे? २०१४ मध्ये इबोलाची साथ आली, तेव्हा रोग पसरू नये म्हणून दीक्षाविधी थांबवण्यात आले. सांदे त्यामुळे मेली नाही.

बदल कोण घडवू पाहते आहे, हेही पाहण्यासारखे आहे. रुगियातु तुराय यांचे स्वतःचे छेदन लहानपणी झालेले. गृहयुद्धाच्या काळात गिनीतील निर्वासितांत त्यांनी याविरुद्ध काम सुरू केले, मायदेशी परतल्यावर संस्था उभारली, पुढे त्या उपमंत्रीही झाल्या. त्यांचा आग्रह 'रक्ताविना बोंडो'चा आहे : रान राहावे, शिक्षण राहावे, गाणी आणि नाच राहावेत, पाते जावे. फ्रीटाउनच्या संसदेने २००७ मध्ये बालहक्क कायदा केला, तेव्हा छेदनबंदीचे कलम मसुद्यातून काढून टाकले गेले होते. मतांसाठी सोवेईंना दुखावणे राजकारण्यांना परवडत नाही. निवडणुकीच्या सुमारास दीक्षांचा खर्च उचलणारे पुढारीही तेथे आहेत.

येथे अर्थकारण येते, आणि कायद्याइतकेच ते निर्णायक आहे. प्रत्येक दीक्षेमागे मुलीचे कुटुंब सोवेईला मोबदला देते : पैसे, तांदूळ, तेल, कापड. अनेक वयस्क स्त्रियांचे तेच मुख्य उत्पन्न. गावातला त्यांचा मानही त्याच कामाला बांधलेला असतो. म्हणून पाते खाली ठेवणाऱ्या सोवेईंना शेती, साबण बनवणे, कापड रंगवणे अशी पर्यायी कामे मिळवून देण्याचा प्रयत्न तेथील कार्यकर्त्या करतात. पैसा काही वेळा कमी पडतो, काही जणी जुन्या कामाकडे परततात. पातेविरहित दीक्षेसाठी कुटुंबांनी तेवढाच मोबदला द्यावा का, आणि द्यायला ती तयार होतील का, या प्रश्नावर आता गावोगावच्या बैठकी अडतात.