विश्लेषण : दोन इंटरनेट जोडण्या असूनही काम का अडते? राउटरचे नियम कोणी लावायचे?

फायबरची एक जोडणी आणि ती बंद पडली तर सिमकार्डवर चालणारी दुसरी, अशी सोय आता गावोगावच्या सेवा केंद्रांत, सोसायट्यांत आणि अडत्यांच्या गाळ्यांत केली जाते. जुन्नर आणि आंबेगाव तालुकेही त्याला अपवाद नाहीत. महिन्याला दोन बिले भरली जातात, तरी ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या’ हे वाक्य काही थांबत नाही. पुष्कळदा सर्व्हर चालू असतो. अडलेला असतो तो कोपऱ्यात धूळ खाणारा राउटर. तळेघर किंवा आडिवरेच्या बाजूने एसटीने घोडेगावला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेल्या माणसाची मात्र त्या दिवसाची मजुरी बुडते. दुसरी जोडणी विकत घेता येते. ती केव्हा आणि कशी वापरायची हे राउटरला सांगावे लागते.

दुसरी जोडणी का लागते?

ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याच्या योजनेला केंद्राने २०११ मध्ये मंजुरी दिली. तीच पुढे ‘भारतनेट’ झाली. सुरुवातीच्या रचनेत एका गावाहून पुढच्या गावाला अशी सरळ केबल जात असे. मधे जेसीबीचा घाव बसला की पुढची सगळी गावे बंद. म्हणून २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित आराखड्यात वर्तुळाकार जोडणी स्वीकारली गेली : एक बाजू तुटली तर दुसऱ्या बाजूने वाट मिळते.

कार्यालयातही हेच तत्त्व लागू पडते, पण दोन वाटा खरोखर वेगळ्या हव्यात. दोन कंपन्यांच्या केबल एकाच खांबावरून येत असतील तर खांब पडल्यावर दोन्ही जातात. म्हणून एक फायबर आणि एक मोबाइल ही जोडी बरी. रेंज कमी म्हणून बाजारातला सिग्नल बूस्टर बसवणे हा उपाय नव्हे. परवान्याशिवाय तो वापरणे बेकायदा आहे. शिवाय खोडदची ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण जिथे अवकाशातले अतिक्षीण संकेत टिपते, त्या भागात रेडिओचा गोंगाट वाढवणे आणखीच चुकीचे.

दोन्ही एकदम चालवायच्या, की एकामागून एक?

राउटरमध्ये दोन पद्धती असतात. पहिलीत दोन्ही जोडण्यांवर भार वाटला जातो. दुसरीत मुख्य जोडणी चालते आणि ती पडली तरच राखीव जोडणी पुढे येते. ‘दोन बिले भरतो, तर दोन्ही वापरू’ असे म्हणून अनेक जण पहिली निवडतात आणि तिथेच फसतात. बँकेच्या किंवा सरकारी संकेतस्थळावर लॉगिन एका जोडणीवरून होते आणि पुढचे पान दुसरीवरून मागितले जाते. संकेतस्थळाला पत्ता बदललेला दिसतो आणि ते वापरकर्त्याला बाहेर काढते. पीकविम्याचा अर्ज अर्धा भरून झाल्यावर असे घडले, तर दोष पोर्टलला दिला जातो.

सेवा केंद्रासाठी दुसरी पद्धतच योग्य. भार वाटायचाच असेल तर अर्ज भरणारे संगणक मुख्य जोडणीला बांधून ठेवावेत आणि कॅमेरे किंवा पाहुण्यांचा वायफाय दुसरीवर टाकावा.

दिवा हिरवा आहे, मग नेट का नाही?

कारण तो दिवा फक्त राउटर आणि शेजारच्या मोडेममधली केबल शाबूत असल्याचे सांगतो. पलीकडे फायबर तुटले तरी मोडेम राउटरला उत्तर देत राहतो. राउटरला वाटते सगळे ठीक आहे आणि राखीव जोडणी झोपूनच राहते. म्हणून तपासणीचा पत्ता मोडेमचा न देता बाहेरच्या इंटरनेटवरचा द्यावा, आणि प्रत्येक जोडणीसाठी वेगळा द्यावा.

बिघाड शोधताना क्रम पाळला तर अर्धे काम होते. आधी वीज : राउटर यूपीएसवर आणि फायबरचा डबा साध्या बोर्डावर असेल, तर वीज गेल्यावर मुख्य जोडणी जाणारच. मग पत्ते : दोन्ही मोडेम १९२.१६८.१.१ हाच पत्ता वापरत असतील तर राउटर गोंधळतो, एकाचा बदलावा. मग नावे : संकेतस्थळाचे नाव शोधून देणारा डीएनएस पहिल्या कंपनीचाच ठेवला असेल, तर दुसरी जोडणी चालू असूनही एकही पान उघडत नाही. शेवटी जुनी सत्रे : जोडणी बदलल्यावरही आधीचे संवाद जुन्याच वाटेवर अडकून राहतात. ब्राउझर बंद करून पुन्हा लॉगिन करावे. फायबर परत आल्यावरही काही उपकरणे सिमवरच राहून डेटा संपवतात, तेही पाहावे.

फायरवॉलचे नियम राउटर कसे वाचतो?

बहुतेक राउटर नियमांची यादी वरून खाली वाचतात आणि जो पहिला नियम लागू पडेल त्यावर थांबतात. त्यामुळे ‘सगळ्यांना परवानगी’ हा नियम वर आणि ‘पाहुण्यांच्या वायफायला कार्यालयाचे संगणक बंद’ हा खाली असेल, तर खालचा नियम कधीच वाचला जात नाही. नेमके नियम वर आणि सर्वसाधारण नियम खाली, ही साधी शिस्त आहे.

छोट्या कार्यालयाला चार नियम पुरतात. बाहेरून आत येणारे सगळे बंद. आतून बाहेर जाणारे चालू. पाहुण्यांच्या वायफायवरून आणि कॅमेऱ्यांवरून कार्यालयाच्या संगणकांकडे जाणारी वाट बंद. राउटरचे सेटिंग फक्त आतल्या ठरावीक संगणकावरून उघडेल.

दोन जोडण्या असतील तर हे नियम दोन्ही दारांना लावावे लागतात. फायबरचे दार बंद करून सिमचे उघडे ठेवणे ही नेहमीची चूक. मोबाइल जोडण्यांवर आयपीव्ही६ सर्रास असते आणि अनेक राउटरमध्ये त्याचे नियम वेगळे लिहावे लागतात. जुन्या पद्धतीचे नियम त्याला आपोआप लागू होतात असे समजू नये.

सर्वांत महागात पडणारी चूक कोणती?

‘आत्ता चालू तर करू’ म्हणून सगळे उघडणे आणि ते तसेच राहणे. घरबसल्या गोदामाचा कॅमेरा दिसावा म्हणून राउटरमध्ये बाहेरून वाट काढली जाते आणि कॅमेऱ्याचा कारखान्यातला पासवर्ड तसाच राहतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने जगभरातले असेच कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यांच्या जोरावर २१ ऑक्टोबरला झालेल्या हल्ल्यात ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या सेवाही विस्कळीत झाल्या. कॅमेरा बाहेरून पाहायचाच असेल तर व्हीपीएनची वाट घ्यावी.

हा प्रश्न केवळ कॅमेऱ्याचा नाही. सेवा केंद्राच्या संगणकावर लोकांच्या आधारच्या प्रती, बँक पासबुके, जातीचे दाखले असतात. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सरकारी संस्था आणि कंपन्यांनी सायबर घटना ६ तासांत कळवायची असते आणि नोंदी १८० दिवस जपायच्या असतात. राउटरचे घड्याळच चुकीचे असेल तर त्या नोंदींना काय अर्थ?

मग जबाबदारी कोणाची?

आज ती कोणाचीच नाही. राउटर बसवणारा सेटिंग करून निघून जातो. पासवर्ड त्याच्या मोबाइलमध्ये, नियम त्याच्या डोक्यात. तो दुसऱ्या गावी असला की संगणक परिचालक राउटर बंद-चालू करण्यापलीकडे काही करू शकत नाही. ‘हे तंत्रज्ञांचे काम, गावच्या माणसाला कशाला शिकवायचे’ असे म्हटले जाते. जटिल जाळ्यांसाठी ते खरेही आहे. पण वर सांगितलेले चार नियम आणि चार तपासण्या समजायला अभियंता लागत नाही. कामाच्या वेळी रांगेसमोर बसलेला असतो तो परिचालकच.

म्हणून ग्रामपंचायत असो वा सोसायटी, बिल मंजूर करण्याआधी तीन गोष्टी मागून घ्याव्यात. नियमांचा मराठीत लिहिलेला एक कागद. राउटरचा बदललेला पासवर्ड बंद पाकिटात. आणि सर्वांसमोर चाचणी : फायबर मोडेमची बाहेरून येणारी केबल काढायची आणि किती वेळात सिम पुढे येते ते घड्याळ लावून पाहायचे. ही चाचणी महिन्यातून एकदा, विशेषतः पावसाळ्याआधी व्हावी.

पश्चिम पट्ट्याला यामागचे कारण वेगळे सांगायला नको. ३० जुलै २०१४ रोजी माळीणवर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. गाव गडप झाल्याचे पहिल्यांदा लक्षात आले ते त्या वाटेवरच्या एसटीचालकाच्या. कोणताही राउटर दरड थांबवू शकत नाही. पण संकटात बाहेरच्यांना हाक मारायची दुसरी वाट नुसती बिलात दिसून भागणार नाही; ती त्या क्षणी उघडली पाहिजे. ती उघडते की नाही, हे आजच केबल काढून पाहता येते.