उसाला ठिबक आणि परसाला सुतळी



ठिबकावर या पानांतून आम्ही पुष्कळ लिहिले. लॅटरल केवढी घ्यावी, फिल्टर कधी धुवावा, ॲसिड किती सोडावे, हे आता आपल्या कित्येक सभासदांना आमच्यापेक्षा जास्त समजते. पण त्याच सभासदाच्या घरी चहाला गेलो तर परसात काय दिसते? आतून हिरवागार झालेला पाईप, तीन ठिकाणी मुरगळलेला, नळाला सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि वर सुतळी गुंडाळून बांधलेला. त्या बांधातून उडणाऱ्या पाण्याने घरची बाई निम्मी भिजलेली. पाईप शेवग्यापर्यंत पोचत नाही, म्हणून पुढचं पाणी बादलीनं.

एका सभासदांना आम्ही सहज विचारले. ते म्हणाले, "आवं, घरच्या पाईपात काय बघायचं? बाजारातनं येताना किलोवर तोलून आणला." आमचे भांडण आहे ते या 'काय बघायचं'शी.

पाईप ओढायचा घरातल्या बाईने आणि निवडायचा कारभाऱ्याने, इथूनच चूक सुरू होते. कारभारी एक तर स्वस्तातला अर्धा इंची आणतो, नाहीतर शेतातल्या सवयीने एकदम एक इंची. आता हिशेब पाहा. शंभर फूट अर्धा इंची पाईप पाण्याने भरला की आत जवळपास चार किलो पाणी असते. पाऊण इंचीत पावणेनऊ किलो आणि एक इंचीत पंधरा किलोच्या वर. पाईपचे स्वतःचे वजन वेगळेच. एवढे धूड मिरचीची रोपे न मोडता चिखलातून फिरवायचे असते. उलट अर्धा इंची हलका खरा, पण पाऊण इंचीचे तोंड त्याच्या सव्वादोन पट असते. टाकीचे पाणी आधीच संथ, त्यात बारीक पाईप, मग एकेका आळ्यापाशी ताटकळत उभे राहावे लागते. आमच्या मते परस लहान असेल तर अर्धा इंची चालेल, मोठे असेल तर पाऊण इंची घ्यावा. एक इंची शेतातच ठेवावा.

लांबी डोळ्यांनी ठरवू नये. सुतळीचा खरा उपयोग इथे आहे. नळापासून शेवटच्या झाडापर्यंत, तुळशीकट्ट्याला वळसा घालून, सुतळी टाका आणि तीच मापाला दुकानात न्या. गरजेपेक्षा दुप्पट लांब पाईप आणला तर तो वाटेत घसटीनेच धार खातो.

पारदर्शक पाईप दिसायला छान, पण ऊन आत शिरते आणि शेवाळ धरते. ते सुटून आले की झारीची भोके बुजतात. उजेड आत न जाणारा, जाड अंगाचा, मध्ये जाळी विणलेला पाईप महाग पडतो, पण चटकन मुरगळत नाही. दुकानात हातभर पाईप घेऊन वाकवून बघावा. लगेच चपटा होऊन पांढरी रेघ उमटली तर दुकानदाराला नमस्कार करावा आणि निघावे. घरी आणल्यावर तो खिळ्याला टांगू नये, जुन्या टायरवर गुंडाळून सावलीत ठेवावा. नळाला ट्यूबची पट्टी नको, स्क्रूची क्लिप लावा. तोंड घट्ट बसत नसेल तर पाईपचे टोक मिनिटभर गरम पाण्यात बुडवा, मऊ पडते.

आता त्या पिस्तुलाविषयी. हल्ली पोरं शहरातून पिस्तुलासारखा फवारा घेऊन येतात. पाण्याचा एक किलो दाब मिळायला दहा मीटर उंची लागते. आपल्या स्लॅबवरची टाकी नळापासून बारा फूट उंच असेल तर दाब मिळतो त्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. त्यावर त्या पिस्तुलातून फवारा कसला निघतोय, नुसती लाळ गळते! त्यापेक्षा पाईपच्या टोकाला झारीचे चाळणीचे तोंड बसवावे. रोपांना तर साधी झारीच बरी. परसात ठिबक करणार असाल तर उसातून काढलेली जुनी इनलाइन नळी आणू नका. तिची भोके उसाच्या अंतराने असतात, तुमच्या पपईच्या नव्हे. साधी लॅटरल टाकून झाडापाशी एकेक ड्रिपर टोचावा. मात्र चार लिटरचा साधा ड्रिपर टाकीच्या या दाबावर तासाला अडीच लिटरच्या आसपासच देईल, तेव्हा वेळ वाढवावा लागेल. केळी आणि अळू यांना न्हाणीचे पाणी पुरते, तिथे पाईप कशाला?

हे सगळे सोयीचे झाले. यापुढचे मात्र कान देऊन वाचावे.

गोष्ट आमच्याच घरची. अंगणातला नळ आणि स्वयंपाकघरातला नळ गावच्या योजनेच्या एकाच लाइनीवर. संध्याकाळी पाईप जनावरांच्या हौदात सोडला होता, टोक पाण्यात बुडालेले. मध्येच पाणी गेले, नळ उघडाच राहिला. सकाळी पाहतो तर हौद चार बोटं खाली! जनावरं तर गोठ्यात बांधलेली. मग पाणी प्यालं कोण? नळ सुटल्यावर स्वयंपाकघरातल्या हंड्यात वैरणीच्या काड्या आल्या तेव्हा उलगडा झाला. वरून पाणी बंद झाले की लाइन खालच्या आळीकडे रिकामी होते आणि मागून ओढ बसते. पाण्यात बुडालेला पाईप त्या ओढीने हौदातले पाणी उलटे शोषून घेतो. शेजाऱ्यांच्या हंड्यात काय गेले असेल ते आम्ही त्यांना अजून विचारलेले नाही.

आता त्या हौदाच्या जागी तणनाशकाचा पिंप धरा. आपल्यापैकी किती जण ॲट्राझीन किंवा टू-फोर-डी कालवताना पाईपचे टोक पिंपात सोडून तंबाखू मळत बसतात? म्हणून पाईपचे टोक पिंपाच्या काठापासून वीतभर वर बांधावे, पाण्यात कधीही बुडवू नये. नळाच्या तोंडाशी एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटे न जाऊ देणारी झडप, बसवावी. औषधाचे पाणी तर बादलीनेच भरावे. आणि मोटर लावून योजनेची लाइन ओढणाऱ्यांनी हे दोनदा वाचावे, कारण ती ओढ ते स्वतःच्या हातांनी तयार करतात.

परसाचा पाईप शक्यतो विहिरीच्या किंवा बोअरच्या टाकीवर असावा, योजनेच्या नळावर नको. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यात माणशी रोज 55 लिटर पाणी धरले आहे. पंधरा लिटरची बादली मिनिटात भरणारा पाईप झाडाच्या आळ्यात अर्धा तास विसरला तर 450 लिटर गेले. म्हणजे आठ माणसांच्या दिवसाचे पाणी एका लिंबाच्या झाडाला. वरच्या आळीच्या लिंबाला पाणी आणि खालच्या आळीला नुसता नळाचा फुसफुसाट, हे आम्ही उन्हाळ्यात पाहिले आहे.

संचालक मंडळाकडे आमची एक मागणी आहे. कारखान्याच्या ग्राहक भांडारात जाळीचा पाईप फुटावर कापून मिळावा. बरोबर क्लिपा, चाळणीची तोंडे आणि एनआरव्ही असाव्यात. भांडाराबाहेरच्या नळाला अर्धा इंची आणि पाऊण इंची असे दोन्ही पाईप लावून ठेवावेत, खाली बादली ठेवावी, आणि घेणाऱ्याला भरून बघू द्यावे. आणि सभासदांनो, पाईप घ्यायला येताना घरच्या बाईला बरोबर आणा. भरलेला पाईप तिलाच ओढून बघू द्या.