दुकानात गाणं वाजवू नका

गिटार घ्यायला दुकानात गेल्यावर काय वाजवावं, यावर हल्लीची पोरं तावातावाने वाद घालतात. 'स्टेअरवे टू हेवन' (१९७१) वाजवलं तर हसं होतं, 'स्मोक ऑन द वॉटर' (१९७२) तर मुळीच नको, ते शिकाऊ पोरांचं. 'वेन्स वर्ल्ड' या १९९२ सालच्या सिनेमात तर दुकानात 'स्टेअरवे'ला बंदी असल्याची पाटीच लावलेली दाखवली होती. आपल्याकडची यादी थोडी वेगळी. 'होटेल कॅलिफोर्निया', 'समर ऑफ सिक्स्टीनाइन', आणि 'यादों की बारात'मधल्या 'चुरा लिया'ची सुरुवात. कुठलं वाजवलं की दुकानातली माणसं मान डोलवतील आणि कुठलं वाजवलं की गालात हसतील, याचं या मुलांना बारीक ज्ञान असतं.

माझं म्हणणं असं की दुकानात गाणं वाजवूच नये. एकही नाही.

तुम्ही म्हणाल, हा कोण सांगणारा? बरोबर आहे. मी सरकारी कारकून, शिक्षण कला शाखेचं, गिटारीवर एक सूर मला धड काढता येत नाही. गावच्या भजनी मंडळात पेटी धरतो, तेवढाच माझा संगीताशी संबंध. पण जे लिहितोय त्याची किंमत आमच्या घरातल्या एका मुलाने मोजली आहे, आणि त्यात माझाही दोष आहे. म्हणून लिहिणं भाग आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारीत हैदराबादला गेलो होतो. भाचा तिथे नोकरीला आहे. नामपल्लीच्या मैदानावर नुमाईश भरली होती. १९३८ साली सुरू झालेलं हे प्रदर्शन सहसा १ जानेवारीला उघडतं. संध्याकाळी तिथे जायचं ठरलं, त्याआधी भाच्याला गिटार घ्यायची होती. पहिल्या पगारापासून पैसे बाजूला ठेवत होता पोरगा. नामपल्लीतल्याच एका वाद्यांच्या दुकानात शिरलो.

दुकानदाराने गिटार हातात दिली आणि म्हणाला, "बजाके देखो." झालं! आत आणखी तीन-चार तरुण होते, सगळे याच्याकडे बघायला लागले. भाच्याने 'चुरा लिया'ची सुरुवात धरली. दुसऱ्याच वळणावर बोटं अडखळली. पुन्हा धरली, पुन्हा अडखळली. कोपऱ्यातला एक जण हसला. पोराचे कान लाल झाले आणि त्याने गिटार विक्रेत्याच्या हातात दिली, "आपही बजाइए."

विक्रेता अर्थातच तरबेज. त्याने असं काही वाजवलं की आम्ही खूश. नऊ हजार मोजले, पिशवीत घातली, निघालो.

आता माझा दोष सांगतो. तो विक्रेता वरच्या पट्टीत गेला तेव्हा एक-दोन सूर माझ्या कानाला खटकले होते. पेटीवर तीस वर्षं बसलेला कान आहे, चढा सूर त्याला लगेच टोचतो. पण मी गप्प राहिलो. मनात म्हटलं, गिटार आपली नव्हे, त्यातलं आपल्याला काय कळतं?

पुढे चतुर्थीला भाचा घरी आला, गिटार घेऊनच. आरत्या झाल्या, घुमटं खाली ठेवली गेली, तसा मी म्हटलं, "वाजव रे काहीतरी." तो म्हणाला, "मामा, मी सोडून दिली. माझा हात सुरात बसतच नाही. सहा महिने रोज केलं, नाही जमलं."

मी पेटी पुढे ओढली. त्याची एकेक मोकळी तार पेटीच्या सुराशी जुळवून घेतली. मग त्याला म्हटलं, आता बाराव्या पडद्यावर बोट ठेव. बारावा पडदा तारेच्या मध्यावर असतो, तिथे तोच सूर बरोबर एक सप्तक वर मिळायला हवा. एकाही तारेवर मिळाला नाही. सगळ्या चढ्या! दमट हवेत लाकूड फुगतं, तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात आणि थोडा फरक पडतो, हे मान्य. पण एवढा नव्हे. शेजारच्या वाड्यावर चर्चच्या कॉयरमध्ये वाजवणारे एक म्हातारे आहेत, त्यांच्याकडे नेली. त्यांनी पट्टी लावून दाखवलं. घोडीच जागेवर चिकटवलेली नव्हती, पुढे सरकलेली होती. ते भाच्याला म्हणाले, "तुजो हात बरो आसा रे. पयलीं आयक, मागीर वाजय."

सहा महिने तो मुलगा स्वतःच्या हाताला दोष देत होता. वाद्य खोटं होतं आणि त्याला वाटत होतं आपणच बेसूर आहोत. शिकणाऱ्याला दोष कुणाचा हे कळायला मार्गच नसतो. कसलेला वादक खोटं वाद्य ओळखतो आणि सांभाळूनही घेतो. म्हणूनच दुकानातल्या तरबेज माणसाने वाजवलेल्या गाण्यावरून गिटारीची परीक्षा होत नाही, त्या माणसाची होते. त्याला कुठला पडदा टाळायचा हे ठाऊक असतं. आणि आपण स्वतः वाजवलं तर परीक्षा आपली होते. दोन्ही वेळा गिटार मात्र परीक्षेला न बसताच पास!

माझी आई म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मडकं घ्यायची तेव्हा बोटाच्या पेराने टकटक वाजवून कान लावायची. खणखणीत वाजलं तर ठीक, भदभद वाजलं तर तडा आहे. तिथे बसून तिने कधी भात शिजवून दाखवला नाही, आणि कुंभारणीनेही तिला "बाई, आधी तुम्हाला स्वयंपाक येतो का बघू" असं विचारलं नाही. नारळ घेताना आपण कानापाशी हलवतो. आमच्या कार्यालयात साध्या टाचण्यांचा खोका आला तरी माल मोजून, तपासून मगच नोंदवहीत चढतो. आणि नऊ हजारांची गिटार आपण एका गाण्याच्या मोहात घेतो?

मग करायचं काय? ज्याला काही येत नाही त्यालाही जमेल असंच सांगतो. आधी सहाही तारा जुळवून मागा. मग एक मोकळी तार छेडा आणि ती विझेपर्यंत ऐका. अशा सहाही. मग बाराव्या पडद्याची सप्तकाची परीक्षा. नंतर प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा एकेकदा दाबून वाजवा. वीस पडदे आणि सहा तारा, म्हणजे एकशेवीस सूर. दहा मिनिटांचं काम. कुठे झिणझिण आवाज आला तर तिथे तार पुढच्या पडद्याला घासते आहे. दांडीवरून एका डोळ्याने बघा, वाकलेली असेल तर दिसते. खुंट्या पिळून पाहा, सुटतात का. कोरड्या हवेतून आपल्या पावसाळ्यात आणणार असाल तर वरची फळी एकसंध लाकडाची आहे की थरांची, हेही विचारा. एकसंध फळीचा आवाज खुलतो, पण दमटपणाचा त्रास तिलाच जास्त.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. वाद्य हातात कसं बसतं हे काही वाजवल्याशिवाय कळत नाही. कबूल. ज्याला येतं त्याने रोजचं, हातात बसलेलं जरूर वाजवावं. पण शेवटी, एकशेवीस सूर झाल्यावर, आणि गिटारीकडे कान ठेवून. कोपऱ्यातल्या माणसाकडे नव्हे.

आता खरं भांडण. ते दुकानदाराशी नाही, आपल्याशी आहे. गोव्यातल्या आम्हा मराठी वाचणाऱ्या घरांत एक अदृश्य भिंत आहे. पेटी, पखवाज, घुमट आपलं. गिटार, व्हायोलिन 'त्यांचं'. पण पेटी कुठून आली? युरोपातूनच ना! आकाशवाणीने १९४० साली तिला परकी आणि बेसूर ठरवून बाहेर काढलं होतं, तीसेक वर्षं ती बंदी टिकली. तोवर आपल्या देवळांत ती केव्हाच घरची झाली होती. ब्रिजभूषण काब्रांनी १९६७च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त गिटारीवर राग वाजवले. मजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांनी १९५८ साली भारतीय रागांवर वाद्यवृंद उभा केला आणि त्यात लता मंगेशकर गायल्या, ज्यांच्या घराण्याचं मूळ मंगेशीचं. थोरांनी भिंत केव्हाच ओलांडली. आम्ही मात्र अजून अलीकडे उभे राहून म्हणतो, त्यातलं आपल्याला काय कळतं!

कळतं. सूर चढा की उतरता हे कळायला जात-धर्म लागत नाही. केसरबाईंच्या केरीत आणि मोगूबाईंच्या कुर्डीत ज्या मातीने कान घडवले, त्या मातीतल्या माणसाने दुकानात कान बंद करून उभं राहावं, याची मला लाज वाटली, अजून वाटते.

परवाच्या जानेवारीत पुन्हा नामपल्लीला गेलो, दुसऱ्या दुकानात. भाच्याने स्टुलावर बसून एक तार छेडली आणि डोळे मिटले. मग दुसरी. विक्रेता पाच मिनिटांत कंटाळला. "कुछ तो बजाओ साब," तो म्हणाला. भाचा म्हणाला, "सुन रहा हूँ."

चार गिटारी परत केल्या, पाचवी घेतली. त्या दिवशी दुकानात आमच्याकडे बघून कुणी मान डोलवली नाही. नाही तर नाही! मुलाला घेऊन जाणार असाल तर घरातला पेटीवाला काका किंवा भजनातली आजीही सोबत न्या. गिटार त्यांना येत नसेल, पण ऐकायला येतं.