एकाच वेळी इतके कावळे का मेले? ‘डाय-ऑफ’ म्हणजे नेमकं काय?

बीड : जानेवारी २०२१ मध्ये पाटोदा तालुक्यातील मुगगाव परिसरात कावळे मरून पडले. अशा वेळी आपली पहिली शंका विषावर जाते. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत तपासले गेले, निदान निघालं बर्ड फ्लू. जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या उदगीरलाही तेच घडलं.

थोड्या दिवसांत, एकाच भागात एखाद्या जातीचे खूप प्राणी मेले की त्याला ‘मास मॉर्टॅलिटी इव्हेंट’ किंवा ‘डाय-ऑफ’ म्हणतात. पोल्ट्रीवाल्यांचा ‘मरतूक’ हा शब्द त्याच्या जवळचा. कारण रोग, विष, उष्णता काहीही असू शकतं. कझाकस्तानात २०१५ मध्ये तीन आठवड्यांत सुमारे दोन लाख सायगा हरणं मेली. जिवाणू त्यांच्या अंगात आधीपासूनच होता; दमट, उष्ण हवेत तो उलटला.

माझा आक्षेप मोजणीवर आहे. बाधित भागात कोंबड्या नष्ट केल्या तर भरपाई मिळते, म्हणून त्यांचा हिशेब राहतो. कावळ्याला मालक नाही. पितृपक्षात त्याची वाट पाहायची, एरवी मेलेला दिसला की काठीने बाजूला सारायचा! पण रोग आल्याची पहिली खबर अनेकदा तोच देतो. पाटोदा तालुक्यातच नायगाव मयूर अभयारण्य आहे आणि मोरांनाही हा विषाणू होऊ शकतो. वनविभाग आणि पशुसंवर्धन विभागाने मृत रानपक्ष्यांची गावनिहाय नोंद ठेवावी, ती मोबाइलवर सगळ्यांना दिसावी.

एका जागी तीन-चार पक्षी मेलेले दिसले तर हात लावू नका. फोटो काढा आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवा.